रंगात मुरलेला कर

पेणजवळच्या हमरापूर-जोहे परिसरात गणपतीचे कारखाने जवळजवळ वर्षभर चालू असतात. अशा एखाद्या कारखान्यात एकाच साच्यातून, एकाच शाडूतून दोन मूर्ती निघाल्या आणि एकाच कारागिराने त्यांच्या डोळ्यांची आखणी केली, असं समजू. एक मूर्ती टेम्पोतून दादरला गेली. दुसरी खोक्यात बंद होऊन न्हावाशेवा बंदरातून न्यू जर्सीला निघाली. दोन्हींच्या बिलांवर जीएसटी शून्य. मातीच्या मूर्तींवर २०१७च्या सप्टेंबरपासून देशात कर नाही आणि निर्यातीवरही कर आकारला जात नाही. बिलं शेजारी ठेवली तर ग्राहकाला फरक सापडणार नाही.

फरक आहे तो मूर्तीच्या रंगात. मूर्तिकाराने रंगाचा डबा आणला तेव्हा त्यावर कर भरला. ब्रश, खोकी, थर्माकोल, माल वाहून नेण्याचं भाडं या सगळ्यावर थोडा थोडा कर गेला. दादरला गेलेल्या मूर्तीतला हा कर मूर्तीतच राहिला. तो किमतीत मिसळला आणि गिऱ्हाइकाने नकळत भरला. न्यू जर्सीला गेलेल्या मूर्तीचा कर मात्र सरकार मूर्तिकाराच्या बँक खात्यात परत जमा करतं. कायद्याच्या भाषेत पहिली विक्री ‘करमाफ’, दुसरी ‘शून्य दराची’. करव्यवस्थेतली इतकी सुंदर आणि इतकी दुर्लक्षित गोष्ट मला दुसरी माहीत नाही.

ती समजायला आधी कर कसा चालतो ते पाहावं लागतं. मॉरिस लोरे या फ्रेंच कर अधिकाऱ्याच्या कल्पनेतून १९५४मध्ये फ्रान्समध्ये मूल्यवर्धित कर, म्हणजे व्हॅट, आला. त्याआधी प्रत्येक विक्रीवर कर बसायचा, त्या कराच्या रकमेवर पुढच्या विक्रीत पुन्हा कर बसायचा आणि वस्तू जितके हात बदलेल तितकी महाग व्हायची. लोरे यांची युक्ती साधी होती. प्रत्येक व्यापाऱ्याने आपल्या विक्रीवर कर घ्यायचा आणि खरेदीवर भरलेला कर त्यातून वजा करून उरलेलाच सरकारला द्यायचा. आज दीडशेहून अधिक देश कमीअधिक फरकाने हेच करतात. आपल्याकडे १ जुलै २०१७पासून आलेला जीएसटी त्याच घराण्यातला. खरेदीवरच्या ज्या कराची वजावट मिळते त्याला आपण इनपुट टॅक्स क्रेडिट म्हणतो. बाजारात नुसतं ‘क्रेडिट’ किंवा ‘आयटीसी’.

आता कागद-पेन्सिल घेऊन बसा, कारण यातली गंमत आकड्यांतच दिसते. इचलकरंजीसारख्या गावातली एक साखळी घेऊ: सूतवाला, कापड विणणारा, शर्ट शिवणारा. खरे दर वेगळे आहेत, पण हिशोब सोपा व्हावा म्हणून सगळीकडे १८ टक्के धरू. सूतवाल्याने १०० रुपयांचं सूत विकलं, कर १८. विणणाऱ्याने त्यात १०० रुपयांची भर घालून २०० रुपयांचं कापड विकलं. कर ३६, त्यातले १८ वजा, सरकारला १८. शर्टवाल्याने आणखी १०० रुपयांची भर घातली. शर्ट ३०० रुपयांचा, कर ५४, त्यातले ३६ वजा, सरकारला १८. एकूण जमा ५४ रुपये, म्हणजे ३०० रुपयांचे बरोबर १८ टक्के. ग्राहकाने दिले ३५४.

आता सरकारने विणणाऱ्यावर कृपा केली आणि कापड करमाफ केलं. विणणारा कर घेणार नाही. पण करमाफ माल विकणाऱ्याला क्रेडिट नाही, त्यामुळे सुतावर भरलेले १८ रुपये तो कुठेच वजा करू शकत नाही. तो ते किमतीत घालतो आणि कापड २१८ रुपयांना विकतो. शर्टवाल्याच्या हातात कराचं बिलच नाही, तेव्हा त्यालाही वजावट नाही. तो आपले १०० रुपये घालून ३१८ वर १८ टक्के लावतो, म्हणजे ५७ रुपये २४ पैसे. सरकारकडे एकूण जमा झाले ७५ रुपये २४ पैसे. ग्राहकाला शर्ट पडला ३७५ रुपये २४ पैशांना. साखळीतल्या एका दुव्याला करमाफी दिली आणि कर वाढला! हा हिशोब मी पहिल्यांदा मांडला तेव्हा बेरीज पुन्हा तपासली होती. बेरीज बरोबरच होती.

हाच विणणारा करमाफ न ठेवता शून्य दराचा केला तर? तो कापडावर शून्य टक्के कर लावतो, पण कायद्याच्या दृष्टीने कराच्या साखळीतच राहतो. म्हणून सुतावरचे १८ रुपये त्याला सरकारकडून रोख परत मिळतात. कापड २०० रुपयांना जातं. शर्टवाला ३०० वर ५४ रुपये कर लावतो, वजावट काहीच नाही, सगळे ५४ भरतो. सरकारला मिळाले ५४, ग्राहकाने दिले ३५४. साखळीच्या मधल्या शून्य दराने एक पैसाही इकडचा तिकडे झाला नाही. मधल्या दुव्यावर १८ टक्के लावा, ५ लावा की शून्य लावा, शेवटचा आकडा तोच राहतो, कारण मूल्यवर्धित करात अखेरचा शब्द शेवटच्या दुव्याचा असतो. अट एकच, साखळी तुटता कामा नये. करमाफी नेमकी ती तोडते.

आता शेवटच्या दुव्याकडे या. शर्टच करमाफ केला तर सूत आणि कापडावरचा ३६ रुपयांचा कर आत अडकतो, आणि बिलावर शून्य दिसत असूनही ग्राहक ३३६ देतो. शर्ट शून्य दराचा केला तर ३६ रुपये परत मिळतात आणि ग्राहक ३०० देतो. जणू त्या शर्टाला कर कधी शिवलाच नव्हता. सुतापासून निघालेला सगळा कर उलट पावली चालत परत गेला, एकही पैसा मागे न ठेवता.

पेणला परत जाऊ. आपल्या कायद्यात शून्य दराची व्याख्या एकात्मिक जीएसटी कायद्याच्या १६व्या कलमात आहे आणि ती आश्चर्य वाटावं इतकी आखूड आहे. परदेशी निर्यात आणि विशेष आर्थिक क्षेत्राला, म्हणजे एसईझेडला, केलेला पुरवठा. बस. त्याच कलमात पुढे म्हटलं आहे की पुरवठा एरवी करमाफ असला तरी शून्य दराच्या विक्रीसाठी क्रेडिट घेता येईल. न्यू जर्सीच्या मूर्तीतला कर परत येतो तो या एका तरतुदीमुळे. मूर्ती मुळात करमाफ आहे, पण किनारा सोडला की शून्य दराची होते.

मूर्तिकाराचा एका हंगामाचा हिशोब कल्पनेने मांडू. खरेदीवर सगळा मिळून २४,००० रुपये कर गेला. देशात ६ लाखांच्या मूर्ती विकल्या, परदेशी ४ लाखांच्या. कर दोन्हीकडच्या मूर्तींत सारखाच मिसळलेला आहे. रंगाचा अर्धा डबा दादरचा आणि अर्धा न्यू जर्सीचा असं कोण वेगळं करणार? म्हणून जीएसटी नियमावलीतला नियम ४२ विक्रीच्या प्रमाणात वाटणी करायला सांगतो. दहातले सहा भाग, म्हणजे १४,४०० रुपये, सोडून द्यायचे. उरले ९,६००. मग परताव्याचं सूत्र येतं, ज्यात निर्यातीच्या उलाढालीला एकूण उलाढालीने भागायचं असतं. इथे वाटतं की आता ९,६०० ची पुन्हा काटछाट होणार. पण त्या सूत्रातल्या ‘एकूण उलाढाली’तून देशातली करमाफ विक्री वगळलेली आहे. चार भागिले चार, म्हणजे पूर्ण ९,६०० रुपये परत. एकाच कारणासाठी दोनदा कात्री लागू नये, याचा कुणीतरी बारकाईने विचार केलेला दिसतो. रूक्ष वाटणाऱ्या नियमावलीत अशी न्यायबुद्धी सापडली की मला मनापासून आनंद होतो. एक मर्यादा मात्र लक्षात ठेवायची. या सूत्रात यंत्रसामग्रीवरचा कर धरला जात नाही. रंग फवारण्याचा कॉम्प्रेसर घेतला असेल तर त्यावरचा कर या वाटेने परत येणार नाही.

आणि एक अडचण, जी मला खटकते. निव्वळ करमाफ माल विकणाऱ्याला जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. छोट्या मूर्तिकाराला हे सोयीचं वाटतं आणि बहुतेक वेळा असतंही. पण नोंदणी नाही तर परतावाही नाही. शिवाय अनेक मूर्तिकार स्वतः निर्यात करत नाहीत. ते व्यापाऱ्याला मूर्ती विकतात आणि व्यापारी त्या परदेशी पाठवतो. मूर्तिकार ते व्यापारी ही विक्री देशातली, म्हणजे करमाफ. रंगावरचा कर तिथेच अडकला. व्यापाऱ्याला परत मिळतो तो त्याने स्वतः घेतलेल्या खोक्यांवरचा, वाहतुकीवरचा, बंदरातल्या एजंटच्या सेवेवरचा कर. शून्य दराचा लाभ शेवटच्या माणसापाशी थांबतो, आणि मातीत हात घातलेला माणूस शेवटचा नसतो.

निर्यातीलाच हा मान का? कारण हा कर खरं म्हणजे वस्तू वापरणाऱ्यावर आहे आणि वापरणारा न्यू जर्सीत राहतो. तिथे काय कर लावायचा ते तिथलं सरकार ठरवेल. पेणच्या रंगावरचा कर अमेरिकेतल्या भाविकाने भरावा, याला तर्क नाही. जागतिक व्यापाराच्या करारांनीही हे मान्य केलेलं आहे. निर्यात मालावरचा असा देशांतर्गत कर माफ केला किंवा परत दिला, तर त्याला अनुदान समजलं जात नाही. म्हणून जगातल्या जवळजवळ सगळ्या मूल्यवर्धित करांत निर्यात शून्य दराची असते. एसईझेडलाही आपला कायदा असाच परका मानतो. हिंजवडीच्या तिसऱ्या टप्प्यातल्या एसईझेडमधल्या कंपनीला तिच्या मंजूर कामासाठी पुण्यातल्या एखाद्या छोट्या दुकानदाराने संगणक पुरवले, तर माल काही किलोमीटर गेला, पण कराच्या दृष्टीने तो परदेशी गेल्यासारखाच.

निर्यातीचं शून्य तरी खरं शून्य आहे का? अगदी नाही. पेट्रोल-डिझेल जीएसटीच्या बाहेर आहे. माल बंदरापर्यंत नेणाऱ्या ट्रकच्या डिझेलवरचा व्हॅट, कारखान्याच्या विजेवरचं शुल्क, हे क्रेडिटमध्ये येतच नाही. असे लपलेले कर भरून देण्यासाठी १ जानेवारी २०२१पासून ‘रोडटेप’ ही वेगळी योजना सुरू झाली.

देशातल्या करमाफीचा सगळ्यात बोलका किस्सा सॅनिटरी नॅपकिनचा आहे. जीएसटी आला तेव्हा त्यांवर १२ टक्के कर होता आणि देशभर संताप उसळला. तो रास्तच होता. जुलै २०१७मध्ये सरकारने उत्तर दिलं की कर शून्य केला तर देशी उत्पादकांचं क्रेडिट पूर्ण जाईल आणि आयात माल मात्र शून्य कराने येईल. अनेकांना तो बहाणा वाटला. पण वरचा हिशोब मनात ठेवून पाहा. परदेशी नॅपकिन त्याच्या देशातून शून्य दराने निघतो, म्हणजे तिथला सगळा कर धुऊन इथे पोचतो. देशी नॅपकिनमध्ये कापसावरचा, प्लास्टिकवरचा, वेष्टनावरचा कर मुरलेला राहतो. म्हणजे करमाफीने आपल्याच कारखान्याचा माल तुलनेने महाग होतो. वर्षभराने, जुलै २०१८मध्ये, जीएसटी परिषदेने नॅपकिन करमाफ केले. माझ्या मते निर्णय योग्यच होता, फक्त अर्धा होता. पूर्ण न्याय शून्य दराने झाला असता.

शून्य दर देशातल्या वस्तूंना देता येत नाही असं नाही. ब्रिटनमध्ये १९७३मध्ये व्हॅट आला तेव्हापासून बहुतेक अन्नपदार्थ, पुस्तकं आणि लहान मुलांचे कपडे शून्य दराचे आहेत. तिथला बेकरीवाला पाव विकताना कर घेत नाही आणि ओव्हनच्या दुरुस्तीवर भरलेला कर सरकारकडून परत घेतो. आपल्याकडे हे करायचं तर लाखो किराणावाले, दूधवाले, शाळा, दवाखाने परताव्याच्या रांगेत उभे राहतील, तिजोरीतून पैसे जातील आणि खोट्या बिलांचा धोका वाढेल. सरकारची भीती खोटी नाही. पण करमाफी ही स्वस्तातली दया आहे, हेही तितकंच खरं. बिलावर ती पूर्ण दिसते आणि पोचते अर्धीच.

सप्टेंबर २०२५च्या दरबदलात शाळेच्या वह्या करमाफ झाल्या तेव्हा हा पेच पुन्हा उघड झाला. वही करमाफ आणि तिच्या कागदावर कर, असं झालं असतं तर वहीवाल्याचा कर अडकला असता. म्हणून वह्यांसाठी लागणारा विशिष्ट कागदही करमाफ केला गेला. वहीवाला सुटला. पण आता कागद गिरणीची विक्री करमाफ, तेव्हा लगद्यावर आणि रसायनांवर गिरणीने भरलेला कर अडकणार. अडचण नाहीशी झाली नाही, एक दुवा मागे सरकली. करमाफीचा स्वभावच असा आहे. तिच्यातला कर कुठेतरी बसतोच, फक्त जागा बदलतो.

छोट्या व्यावसायिकाला आपल्या बिलावरचं शून्य कोणतं हे ओळखायला कागदच मदत करतात. करमाफ विक्रीला ‘टॅक्स इनव्हॉइस’ द्यायचंच नसतं, ‘बिल ऑफ सप्लाय’ द्यायचं असतं. करपात्र मालाच्या निर्यातीला टॅक्स इनव्हॉइस लागतं आणि त्यावर हा माल निर्यातीसाठी आहे अशी नोंद लागते. जीएसटीच्या ३बी विवरणपत्रात करमाफ आणि शून्य दराच्या विक्रींचे रकाने एकाखाली एक आहेत, ३.१ (बी) आणि ३.१ (सी). मातीची मूर्ती करमाफ म्हणून तिची निर्यातही (सी)मध्ये भरली, की आपलं शून्य आपणच चुकीचं जाहीर केलं आणि परतावा अडकला. करपात्र माल कर न भरता निर्यात करायचा तर दर आर्थिक वर्षी हमीपत्र, म्हणजे एलयूटी, भरावं लागतं. करमाफ मालाच्या निर्यातीला त्याची गरज नाही, असं मे २०१८च्या परिपत्रकात स्पष्ट केलेलं आहे. परतावा मागायला दोन वर्षांची मुदत असते आणि समुद्रमार्गे गेलेल्या मालासाठी ती जहाज भारत सोडतं त्या दिवसापासून मोजतात. अर्ज पूर्ण असूनही परतावा साठ दिवसांत मिळाला नाही, तर पुढच्या दिवसांचं सहा टक्के व्याज मागता येतं.

नोंदणीच्या मर्यादेत एक खाच आहे, ती किराणा दुकानदारांनी जरूर लक्षात घ्यावी. फक्त माल विकणाऱ्यासाठी महाराष्ट्रात ही मर्यादा वर्षाला ४० लाखांची आहे, पण ती मोजताना करमाफ विक्रीही धरतात. सुट्या तांदळाची आणि डाळीची विक्री ३५ लाख आणि बिस्किटं-साबणाची ६ लाख असेल, तर कर सहा लाखांवरच लागेल, पण मर्यादा ओलांडली गेली. परदेशी ग्राहकासाठी घरून काम करणाऱ्या पुण्यातल्या डिझायनरला सेवांची २० लाखांची मर्यादा आहे आणि तिच्या आत नोंदणी ऐच्छिक. मात्र लॅपटॉपच्या दुरुस्तीवर, सॉफ्टवेअरच्या वर्गणीवर बराच कर जात असेल, तर नोंदणी करून तो परत मागणं फायद्याचं ठरू शकतं. हा हिशोब सीएसमोर बसून एकदा करावाच.

कांद्याच्या बाबतीत तर देशातली करमाफी, निर्यातीचा शून्य दर आणि सरकारचं निर्यात धोरण एकमेकांत अडकतात. लासलगावचा कांदा देशात करमाफ आणि निर्यात झाला की शून्य दराचा. गोण्यांवरचा, हाताळणीवरचा, बंदरातल्या सेवांवरचा कर निर्यातदाराला परत मागता येतो. पण जीएसटी कायद्याच्या ५४व्या कलमात एक अट आहे: ज्या मालावर निर्यात शुल्क लागतं, त्याच्या क्रेडिटचा परतावा मिळणार नाही. एरवी कांद्याचा या अटीशी संबंध येत नाही. मग १९ ऑगस्ट २०२३ला केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावलं. डिसेंबरात निर्यातबंदी आली, मे २०२४मध्ये ती उठली तरी निर्यातीवर शुल्क होतंच, सप्टेंबरात ते २० टक्क्यांवर आलं. शेतकऱ्यांनी लिलाव बंद पाडले, रस्ते अडवले, भावावर रान पेटलं. या सगळ्या गदारोळात निर्यातदाराच्या हिशोबात आणखी एक भोक पडलं होतं, ज्याची फारशी चर्चा झाली नाही. शुल्क भरून गेलेल्या कांद्याच्या गोण्यांवरचा जीएसटी परत मागायची वाट बंद झाली होती. बिलावर शून्य तसंच होतं, पण त्यामागचा परतावा गेला होता. १ एप्रिल २०२५ला निर्यात शुल्क रद्द झालं आणि त्यानंतर बंदराबाहेर पडणाऱ्या कांद्यासाठी ती वाट पुन्हा उघडली.